आधी उंबरा, मग गाव

जमुनाबाई मारबते हिच्या पाटीतल्या माशाला विकत घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम सिहोरा, तुमसर आणि बपेरा या तिन्ही ठिकाणच्या बाजारांत सर्वांना माहीत आहे. एकदा नव्याने बदलून आलेल्या एका तलाठ्याने मरळ माशाचा कल्ला उघडून तो ताजा आहे का हे पाहिलं. जमुनाबाईने त्याला शांतपणे विचारलं, "साहेब, तुमी सातबारा देता तवा आमी तुमच्या तोंडात बोट घालून पाहतो काय?" तलाठ्याने मासा घेतला. तेव्हापासून तो दर आठवड्याला येतो, हात मागे बांधून उभा राहतो आणि ती देईल तो मासा घेऊन जातो.

तिचं वय साठच्या आसपास असावं. आधार कार्डावर तिची जन्मतारीख एक जानेवारी आहे. तिच्या वस्तीतल्या, म्हणजे टोलीतल्या, आणखी अठ्ठावीस माणसांची तीच आहे. ती लग्न होऊन आली ती वैनगंगेच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून. त्या दिवशी नदीला पाणी चढलं होतं, म्हणून वरात डोंग्यातून आली. डोंगा म्हणजे झाडाचं एक खोड कोरून केलेली अरुंद होडी. तिच्यात बसणाऱ्याने श्वाससुद्धा दोन्ही बाजूंना सारखा सोडायचा असतो. मध्यावर आल्यावर नवरदेव घाबरला आणि नवरीने बांबू हातात घेऊन डोंगा काठाला लावला. नवरदेवाचं नाव बुधराम. घरातला बांबू तेव्हापासून कोणाच्या हातात आहे, हे वेगळं सांगायला नको.

कोसमपार हे गाव तलावाच्या अल्याड आहे आणि ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, टोली पल्याड. अल्याड धान पिकवणाऱ्यांची घरं, शाळा, ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, मोबाइलचा टॉवर आणि भय्याजी राहांगडाले. पल्याड बावीस घरं, वाळत घातलेली जाळी आणि जमुनाबाई. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पायी गेलं तर अर्धा तास लागतो. पावसाळ्यात चिखलात रुतलेली चप्पल किती वेळात परत मिळते यावर पुढचा हिशेब. डोंग्याने दहा मिनिटं. टोलीतली माणसं रोज अल्याड येतात. अल्याडच्या माणसांना टोली आठवते ती पश्चिमेचा वारा सुटला की.

जमुनाबाईचा मुलगा धनराज सैन्यात आहे. भरतीसाठी पळण्याचा सराव त्याने याच पाळीवर केला. हा रोज पहाटे का पळतो, हे गावाला दोन वर्षं समजलं नाही. पहिल्या आठवड्यात लोकांना वाटलं, पोट्ट्याने काहीतरी उचललं असावं. पण रोज ठरावीक वेळेला कोणी चोरी करत नाही, म्हणून त्यांनी तो विचार सोडून दिला. धनराज भरती झाल्यावर "आम्हीच त्याले पळवलं" असं सांगणारे अकरा लोक निघाले. तोफखान्यात तो ट्रक चालवतो. बायको ज्योत्सना सासूजवळ राहते आणि सासूचं सगळं ऐकते, असं सासूचं म्हणणं आहे.

मे महिन्यात सीमेवर लढाई झाली तेव्हा धनराज जम्मूकडे होता. त्याचा फोन बंद झाला तो नऊ दिवस लागला नाही.

त्या नऊ दिवसांत युद्धाची अल्याडची बाजू मारुतीच्या पारावरून सांभाळली गेली. भय्याजींनी शत्रूची दोन शहरं पहिल्याच संध्याकाळी घेतली. ताराचंद पटले यांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत केली, कारण त्यांच्या घरी वेगळं चॅनल लागायचं. त्यावरून दोघांत अबोला झाला. तो पुढे युद्धबंदीनंतरही टिकला.

पल्याड जमुनाबाई नऊही दिवस बाजारात गेली. लोक पाटीजवळ वाकून हळूच विचारायचे, "काय खबर हाय, बाई?" ती म्हणायची, "मरळ हाय, कटला हाय. वाघूर संपला." रडणं तिला बाजारात परवडण्यासारखं नव्हतं आणि घरी ज्योत्सना रडत होती, एका घरात दोघींनी रडावं एवढं ते घर मोठं नाही. पाचव्या दिवशी सकाळी उंबरा सारवताना मात्र ती थांबली आणि उंबऱ्याशी बोलली. ज्योत्सनाने चुलीजवळून ऐकलं. सासू म्हणत होती, "पोराचा पाय आधी तुयावर पडू दे. मंग तो कोठीबी जाऊ दे, मी अडवणार नाई."

यामागे टोलीतली एक समजूत आहे. जो माणूस मरणाच्या पाण्यातून वाचून येतो, त्याच्या मागून ते पाणी येत असतं. त्याने तलावात पाय धुऊन आधी स्वतःच्या घरात शिरायचं, म्हणजे पाण्याला पत्ता सापडला, काम झालं, ते परत जातं. तो आधी दुसऱ्याच्या उंबऱ्यात गेला, तर पाणी त्या घरात शिरतं. मोठ्या पुराच्या वर्षी टोलीतला एक जण वैनगंगेतून वाचला आणि थेट सासुरवाडीला गेला. तिसऱ्या दिवशी सासऱ्याच्या घराची भिंत पडली. ती भिंत त्याच्या लग्नापासूनच पडायला आलेली होती, एवढा तपशील टोलीतले लोक गाळतात.

दहाव्या दिवशी फोन आला. जमुनाबाई म्हणाली, "जेवला काय?" धनराज म्हणाला, "जेवलो, माय." ती म्हणाली, "काय होतं?" तो म्हणाला, "वांग्याची भाजी." "बरं," असं म्हणून तिने फोन ज्योत्सनाला दिला, मागच्या अंगणात गेली आणि अर्धा तास एकच भांडं घासत बसली.

जुलैत धनराजला रजा मिळाली. ही बातमी अल्याड पोचली आणि गावाने ठरवलं की जवानाचं स्वागत झालं पाहिजे, असं की बपेऱ्याने तोंडात बोट घातलं पाहिजे. समिती स्थापन झाली. अध्यक्ष भय्याजी झाले. ते झाले असं म्हणणं बरोबर नाही, ते होतेच. समिती त्यांच्याभोवती स्थापन झाली.

भय्याजी राहांगडाले हे निर्मळ मनाचे, पांढऱ्या पायजम्याचे आणि मोठ्या आवाजाचे गृहस्थ आहेत. त्यांनी आजवर गावातली चौतीस लग्नं उभी राहून पार पाडली. त्यासाठी त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. वरात किती वाजता निघाली, बँड कुठला होता, कोण रुसलं, कोणी समजूत घातली, सगळं त्यात आहे. आता अडचण अशी होती की लढाईवरून आलेल्या माणसाला गावात कसं आणायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गावाने माणसाला वाजतगाजत आणलं होतं ते फक्त एकाच कारणासाठी. भय्याजींनी वही उघडली, एका चांगल्या झालेल्या लग्नाचं पान काढलं आणि "नवरदेव" हा शब्द खोडून तिथे "जवान" असं लिहिलं. बाकी पान तसंच राहिलं.

मग ते सिहोऱ्याच्या बाजारात जमुनाबाईच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले.

"जमुनाबाई, धनराज येऊन राहिला म्हणते."

"येऊन राहिला. रोहू देऊ का कटला?"

"मासे राहू द्या. गावानं स्वागत करायचं ठरवलं. बँड, रथ, फुलं, सगळं."

"करा ना. कोन नाई म्हनते? पन एक गोष्ट आयका, भय्याजी. पोराचा पाय आधी माया उंबऱ्यात पडला पायजे. मंग गावभर फिरवा, नाईतर नागपूरले नेऊन फिरवा."

"हव, हव. घरी तर जाईनच ना तो."

"आधी."

"लिहून घेतो."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. वहीत चौदा कलमं झाली होती. "जवानाचे स्वगृही आगमन, आईच्या हस्ते औक्षण" हे त्यांनी चौदावं लिहिलं. यात लबाडी नव्हती. चौतीस लग्नांत एकही वरात घरून निघून घरी आधी पोचलेली त्यांनी पाहिली नव्हती. घर शेवटी येतं. जगाची रीत आहे. जमुनाबाई "आधी" म्हणाली ते त्यांनी आईची माया म्हणून समजून घेतलं आणि अर्धा किलो रोहू घेऊन, हात न लावता, घरी गेले.

कलमांमध्ये घरोघरी औक्षणाचंही एक कलम होतं. सुरुवातीला अकरा घरं होती. पहिलं घर भय्याजींचं. ताराचंद पटले यांना पहिलं घर आपलं हवं होतं. अबोला असल्यामुळे ही मागणी त्यांनी मारुतीच्या पुजाऱ्यामार्फत केली आणि भय्याजींनी ती त्याच पुजाऱ्यामार्फत नाकारली. यादी वाढत जाऊन सत्तेचाळीसवर थांबली, कारण अल्याड एवढीच घरं आहेत.

रविवारी सकाळी धनराज तुमसर रोडला रेल्वेतून उतरला. समितीची जीप हजर होती. त्याच्या गळ्यात हार पडले, हातातली पेटी काढून घेतली गेली आणि साडेनऊला जीप कोसमपारमध्ये शिरली. पल्याड जमुनाबाई काठावर उभी होती. पाण्यावरून तिला जीप दिसली, जीपमधला गणवेश दिसला. तिने पितळेच्या घंगाळात तलावाचं पाणी भरून उंबऱ्याजवळ ठेवलं आणि ज्योत्सनाला म्हणाली, "कुंकू काढ. आला."

जीप पाळीकडे वळली नाही. ती शाळेसमोर थांबली, गणवेश शाळेत गेला आणि दार लागलं.

शाळा कोणाचं घर नाही, म्हणून जमुनाबाईने पाव तास वाट पाहिली. मग ज्योत्सनाने फोन लावला आणि सासूच्या कानाला धरला.

"कोटी हायेस तू?"

"शाळेत, माय. चौथीच्या वर्गात."

"कायले?"

"बसवून ठेवलं. जानोसा हाय म्हणते."

जानोसा म्हणजे लग्नात वरपक्षाला उतरायला दिलेली जागा. मुहूर्त होईपर्यंत नवरदेवाने तिथून हलायचं नसतं.

जमुनाबाईने विचारलं, "लगन कोनाचं हाय?"

"मले काई माहीत नाई, माय. पोहे देल्ले. बाहेर दोन मानसं उभे हायेत, निंगू नाई देत."

"आन तुये बाबूजी?"

"त्याइले गुलाबी फेटा बांधला. खुर्चीवर बसले हायेत. इकडं या म्हटलं तर हात हालवून राहिले."

बुधरामला दोष देता येत नाही. साठ-बासष्ट वर्षांच्या आयुष्यात अल्याड त्याला पहिल्यांदाच कोणी खुर्ची दिली होती आणि ती हत्ते असलेली होती. आपण उठलो तर ती दुसऱ्या कोणाला देतील, अशी त्याला भीती होती.

तेवढ्यात भोंगा सुरू झाला. भोंगा हेमराजचा. दिवाळीनंतरच्या मंडईतली, म्हणजे जत्रेतली, नाटकं, लसीकरणाचे दिवस आणि हरवलेल्या बकऱ्या यांची घोषणा तोच करतो. सवयीने त्याने आधी "वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे" असं म्हटलं, मग थांबला आणि "गावकरी मंडळींना" असं दुरुस्त केलं. पाण्यावरून आवाज फार छान येतो. टोलीतल्या बावीसही घरांनी ऐकलं: "वीर जवान धनराज बुधराम मारबते यांची मिरवणूक आता निघत असून, जवान सर्वप्रथम भय्याजी राहांगडाले यांच्या निवासस्थानी पदार्पण करतील."

जमुनाबाईने सर्वप्रथम हा शब्द ऐकला. तिने पदर खोचला, बांबू उचलला आणि डोंगा पाण्यात ढकलला. ज्योत्सना म्हणाली, "आत्या, मी येऊ?" ती म्हणाली, "तू उंबऱ्याजवळ राह्य. घंगाळात कोंबड्या तोंड घालतेत."

इकडे मिरवणूक सुरू झाली होती. रथ म्हणजे लग्नाचाच, ट्रॅक्टरवर बांधलेला, पुढे दोन पांढरे हंस असलेला. हंसांच्या माना तिरंगी पट्टीने गुंडाळल्या होत्या, त्यामुळे त्यांना घसा धरल्यासारखं दिसत होतं. मागच्या पाटीवर चमकीचं "शुभविवाह" होतं, त्यातलं "विवाह" कागदाने झाकलं होतं. बँड सीमेपलीकडून, बालाघाटकडून आणलेला. त्यांना देशभक्तीची दोन गाणी येत होती, त्यातलं एक अर्धं. ते संपलं की ते सवयीने नागिणीवर जात आणि पुढचे लोक सवयीने जमिनीवर लोळत. रथात छत्रीखाली धनराज ताठ बसला होता. त्याला कोणीतरी बसायला सांगितलं होतं आणि कोणीतरी सांगितलेलं करायची त्याची नोकरी होती.

रथ भय्याजींच्या घरापासून पन्नास पावलांवर आला तेव्हा तलावाच्या घाटाकडून जमुनाबाई चढून आली आणि हंसांसमोर उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्याने ब्रेक दाबला. बँड थांबला. नागीण म्हणून लोळत असलेला एक जण आणखी थोडा वेळ लोळला.

"भय्याजी, आपलं काय ठरलं होतं?"

भय्याजींनी वही काढली. "हे पाहा, जमुनाबाई. चौदा नंबर. लिहिलं हाय."

"चौदा नंबर म्हंजे आधी काय?"

"अवो, घर शेवटीच येते ना. गावाचा मान झाला की मंग..."

"गावाचा मान म्या काढून घेतला काय? मान घेऊन बसा तुमी अथी दहा मिनिटं, मी त्याले नेऊन आनतो."

"रथातून उतरता येत नाई. एकदा बसला की नवरदेव... जवान खाली उतरत नसते."

"माय, उतरू काय?" धनराजने वरून विचारलं.

"उतर," जमुनाबाई म्हणाली.

"बस," भय्याजी म्हणाले.

धनराज अर्धा उठून तसाच राहिला. अकरा वर्षांच्या नोकरीत एकाच वेळी दोन अधिकाऱ्यांचे दोन हुकूम त्याला मिळाले नव्हते. जमुनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. बुधरामची खुर्ची चौघांनी रथामागे उचलून आणली होती आणि तो अजून तिच्यावर होता.

"काय वो वरबाप, तुमी काई बोलता का फेटा सांभाळता?"

बुधराम म्हणाला, "समितीनं ठरवलं हाय."

"समितीनं नऊ दिवस जेवन सोडलं होतं काय?"

बुधरामने खाली पाहिलं. जमुनाबाईने जेवण सोडलं होतं, हे त्यालाही आत्ताच कळत होतं. तो खुर्चीवरून उतरला. कोणीतरी लगेच खुर्ची बाजूला नेली.

भय्याजींच्या दारात त्यांच्या पत्नी कुंताबाई ताट घेऊन उभ्या होत्या. सकाळपासून तीन वेळा निरांजन विझलं होतं. त्या म्हणाल्या, "जमुनाबाई, माया दारी ओवाळून होऊ द्या, पाच मिनिटं लागतेत. मंग घेऊन जा."

जमुनाबाई त्यांच्याकडे वळली. आवाज खाली आणून, एका बाईने दुसरीला घरातली गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली, "कुंताबाई, माही ना नाई. पन पोरगा मरनाच्या पान्यातून आला. ते पानी मांगं मांगं येते. आधी ज्याच्या उंबऱ्यात पाय पडन, त्याच्या घरात शिरन. तुमी आताच फरशी बसवली, म्हून सांगून राहिली. मंग माह्यावर बोल नाई पायजे."

आणि तिने सासुरवाडीची भिंत सांगितली.

कुंताबाईंनी ताट खाली ठेवलं. मग भय्याजींना म्हणाल्या, "अवो, आधी तथी नेऊन आना त्याले."

"काहून? हे असं काई नसते."

"नसते तं मंग तुमच्या बहिनीच्या घरी न्या आधी."

भय्याजींनी जरा विचार केला. राग आवरून ते म्हणाले, "हरकत नाई. पहिला मान ताराचंदले देऊन टाकू." अबोला सुटला तो असा. पण ताराचंद पटले यांच्या घरातून बातमी तोवर पुढे गेली होती. ताराचंद हात जोडून म्हणाले, "भय्याजी, तुमच्याच्यानं मी लहान. माया नंबर शेवटचा असू द्या." तिसऱ्या घरची वहिनी म्हणाली की आमच्याकडे सुतक आहे, कोणाचं, ते ती संध्याकाळपर्यंत सांगणार होती. काल रात्रीपर्यंत पहिल्या नंबरासाठी भांडणारी सत्तेचाळीस घरं दहा मिनिटांत एवढी नम्र झाली की कोसमपारमध्ये असा समजूतदारपणा मागच्या कुठल्याही निवडणुकीत दिसला नव्हता.

भय्याजींनी वही मिटली. "चला. पाळीवरून रथ जाते काय?"

ट्रॅक्टरवाल्याने पाळीकडे पाहिलं. "जाते. येत नाई."

म्हणून डोंगा. समितीच्या कलमांप्रमाणे अध्यक्ष जवानाला जातीने घरी पोचवणार होते आणि भय्याजी आपल्या कलमापासून मागे हटणारे नव्हते. साठ वर्षं तलावाच्या काठी काढूनही ते डोंग्यात कधी बसले नव्हते. ते बसले, दोन्ही काठ दोन्ही हातांनी धरले आणि त्यानंतर मान वळवायची झाली तरी फक्त डोळे वळवू लागले. पुढे धनराज. मागे जमुनाबाई बांबू घ्यायला वाकली, तर बुधराम गुलाबी फेट्यासकट चढला आणि त्याने बांबू आपल्या हातात घेतला. ती भय्याजींच्या मागे बसली. काठावर बँडने अर्धं गाणं वाजवलं.

पाण्यावर आल्यावर जमुनाबाईने भय्याजींच्या खांद्यावरून पोराला न्याहाळलं.

"वाळला," जमुनाबाई म्हणाली.

"नाई माय. चार किलो वजन वाढलं."

"तोंडावर नाई दिसत."

भय्याजींना स्टेजवर विचारायचा एक प्रश्न पाठ होता. स्टेज केव्हा येईल याचा भरवसा राहिला नव्हता, म्हणून त्यांनी तो डोळे समोर ठेवून इथेच विचारला. "धनराज, गावाले सांग, रणांगणात तुया अनुभव कसा होता?"

"गाडी चालवली, भय्याजी. तोफांचे गोळे पोचवाचे. रातभर. दिवे बंद करून."

"दिवे बंद? मंग रस्ता कसा दिसे?"

"नाई दिसे. समोरच्या गाडीचा आवाज आयकत जावाचं. समोरची थांबली की आपली थांबवाची. एक दिवस समोरची थांबली, ते मंग निघालीच नाई."

"भेव नाई वाटला?"

"वाटला."

भय्याजी पुढचा प्रश्न विसरले. जमुनाबाई पाण्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "हे फोनवर काहून नाई सांगितलं?"

"तू जेवनाचं विचारलं, माय."

बुधरामने बांबू टेकवला आणि डोंगा काठाला लागला.

टोली सगळी काठावर होती. धनराज गुडघाभर पाण्यात उतरला आणि बुटांसकट चालत दारापर्यंत आला. तिथे त्याने बूट काढले. जमुनाबाईने घंगाळातलं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, बोटांमधून हात फिरवला, लहान मुलाचे धुतात तसे टाचा घासून धुतले आणि म्हणाली, "शीर." तो उंबऱ्यावर पाय देऊन आत गेला. ज्योत्सनाने ओवाळलं. निरांजन विझलं नाही. कोणी घोषणा दिल्या नाहीत. टोलीत घोषणांचा भोंगा नव्हता.

भय्याजी पाण्यात उतरताना एका पायाने चिखलात रुतले. जमुनाबाईने उरलेलं पाणी त्यांच्या पायांवरही ओतलं. "डोंग्यातून आलेल्याचे धुवाच लागतेत," असं तिने सांगितलं. भय्याजी नको नको म्हणत होते, पण हलता येत नव्हतं.

आत धनराज जमिनीवर बसला, भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटले. ज्योत्सनाने ताट वाढायला घेतलं. पाच मिनिटं झाली असतील नसतील, जमुनाबाई दारात येऊन म्हणाली, "ऊठ."

"कायले?"

"गाव थांबलं हाय."

"माय, थोडं बसू दे. मी नाई जात आता. भय्याजीले सांगून दे, तब्येत बरी नाई."

भय्याजी अंगणातून म्हणाले, "राहू द्या, जमुनाबाई. उद्या करू." एका पायाला चिखल आणि एका पायाला धुतलेलं पाणी अशा अवस्थेत त्यांचं मन मऊ झालं होतं.

हेच जमुनाबाईला नको होतं, आणि हेच तिला हवंही होतं. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. पोरगा समोर होता, घरात होता, भिंतीला टेकलेला होता. नऊ दिवस तिने एवढंच मागितलं होतं. पण ती आणखीही एक वाक्य बोलली होती आणि ते ज्याच्याशी बोलली तो उंबरा पायाखालीच होता. बाजारात एकदा सांगितलेला भाव तिने कधी फिरवला नाही.

"बोललं ते बोललं," ती म्हणाली. "आधी अथी, मंग कोठीबी, मी अडवणार नाई. उद्या नाई, आजच. ऊठ, बूट घाल."

धनराज उठला. तिच्या या आवाजाला नकार देणं त्याला सैन्यातही शिकवलेलं नव्हतं.

मात्र बोलण्यात कुठेही ती बरोबर जाणार नाही असं म्हटलेलं नव्हतं. ती डोंग्यात बसली. अल्याड रथ निघाला, पहिलं घर आलं. कुंताबाई आता हसतमुखाने ओवाळू लागल्या, मग पेढा, मग फोटो, मग आणखी एक फोटो, कारण पहिल्यात भय्याजींचे डोळे मिटले होते. एका घराला सोळा मिनिटं लागली. जमुनाबाईने मनात सोळा गुणिले सत्तेचाळीस केलं. मासे विकणाऱ्या बाईला हा गुणाकार कठीण नसतो. उत्तर मध्यरात्रीचं येत होतं.

दुसऱ्या घरापासून मिरवणुकीचा ताबा तिने घेतला. ती रथाच्या पुढे चालू लागली आणि बाजारातला आवाज काढला. "कुंकू लावा, ओवाळा, सरका. पेढा हातात नाई, पुडक्यात बांधा. फोटो चालत्या रथाचा काढा. अवो काकाजी, भाषन मनातल्या मनात करा, देवाले आयकू जाते." बँडवाल्यांना तिने नागीण बंद करायला सांगितली आणि अर्धं गाणंच जलद वाजवायला लावलं. अल्याडच्या लोकांना राग यायला हवा होता, पण सगळे एका ओळीत उभे राहिले, हात मागे बांधून. हेमराज भोंग्यावरून पुढच्या घराला आधीच सूचना देऊ लागला, "वात लावून तयार राहावे." भय्याजी तिच्या मागून चालत नोंदी करत होते. चौतीस लग्नांत त्यांनी असं काम पाहिलं नव्हतं. येत्या फाल्गुनात त्यांच्या पुतणीचं लग्न आहे, त्या पानावर त्यांनी वरातीसमोर जमुनाबाईचं नाव लिहिलं. तिला अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत गोळा करणं सुरू आहे.

सत्तेचाळिसावं घर पावणेचारला झालं. ताराचंद पटले यांनी शेवटचं म्हणून दोन हार घातले, तेवढ्याला सूट मिळाली.

ते तिघे डोंग्याने परत आले तेव्हा टोलीतली माणसं पांगली होती. बुधराम फेटा काढायला तयार नव्हता, तो तसाच जाळी झटकायला गेला. जमुनाबाई आत आली, विळी मांडून मासा कापायला बसली. मागून धनराज पेढ्यांची पुडकी सांभाळत दारात आला. या वेळी घंगाळात पाणी नव्हतं, कोणी पाहतही नव्हतं. तो उंबरा ओलांडून आत आला.

तिने मान वर केली नाही. "दार लोटून घे," ती म्हणाली. "कुत्रं येते."